सर्व्हे क्रमांक ८७ : अनेक ओळींची एक ओळ करताना

गोव्याच्या फोंडा तालुक्यातील एका देवस्थानाच्या कार्यालयाने आपल्या जमिनींची यादी महाजनांच्या, म्हणजे देवस्थानाच्या सदस्यांच्या, वार्षिक सभेपुढे ठेवायचे ठरवले आणि ती यादी संगणकावरून छापून देण्याचे काम माझ्याकडे आले. यादी नवी नव्हती. जमिनींची नोंदवही काही वर्षांपूर्वीच एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या टेबलांत भरली गेली होती, आणि दरवर्षी क्रिस्टल रिपोर्ट्स या अहवाल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून तिचा एक लांबलचक अहवालही निघत असे. मात्र त्या अहवालात प्रत्येक उपविभागाला आणि त्या उपविभागातील प्रत्येक कुळाला स्वतंत्र ओळ मिळत असल्यामुळे एकाच सर्व्हे क्रमांकाचा पसारा कधी दीड-दोन पानांवर जाई आणि सभेत कोणाला काहीच नीट सापडत नसे. सचिवांची मागणी साधी होती. एका सर्व्हे क्रमांकाला एकच ओळ असावी. तिच्या एका रकान्यात सर्व उपविभाग स्वल्पविराम देऊन एकापुढे एक यावेत, दुसऱ्यात कुळांची नावे तशीच यावीत आणि शेवटी एकूण क्षेत्रफळ असावे.

गोव्यातील जमिनीच्या नोंदींशी ज्यांचा संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. येथे १९६८च्या जमीन महसूल संहितेखाली तयार झालेला 'फॉर्म एक-चौदा' हा जमिनीचा रोजच्या व्यवहारातला मुख्य उतारा असून त्यावर सर्व्हे क्रमांक आणि त्याखालचा उपविभाग अशी जोडओळख असते. लोक '८७ चा २' असेच बोलतात. १९६४च्या कूळ कायद्यानंतर कुळाचा हक्क वारसांकडे जात राहिला, त्यामुळे मूळ एका नावाच्या जागी आज चार-पाच नावे असणे ही सामान्य गोष्ट आहे. त्यात १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या कौटुंबिक कायद्यामुळे, वेगळा करार केलेला नसेल तर, विवाहानंतर मालमत्ता पती-पत्नींची सामाईक ठरते आणि कागदपत्रांत नवऱ्याच्या नावापाठोपाठ 'व पत्नी' म्हणून दुसरे नावही येते. देवस्थानाच्या नोंदवहीत हे सगळे मराठीत, देवनागरीत भरलेले होते. म्हणजे जोडायची नावे पुष्कळ होती, लांब होती आणि त्यांपैकी काहींच्या पोटातच स्वल्पविराम होते.

अहवाल बनवणारी सॉफ्टवेअरे संख्यांची बेरीज, सरासरी, मोजणी हे सारे गटागटाने एका क्लिकवर करून देतात, परंतु अक्षरांची 'बेरीज' करण्याची तशी तयार सोय क्रिस्टल रिपोर्ट्समध्ये नाही. त्यासाठी जुन्या वापरकर्त्यांनी रूढ केलेली तीन फॉर्म्युलांची पद्धत आहे. पहिला फॉर्म्युला ग्रुप हेडरमध्ये, म्हणजे गटाच्या माथ्यावर, ठेवायचा आणि त्यात एक स्ट्रिंग व्हेरिएबल (मजकूर साठवण्याची जागा) रिकामे करायचे. दुसरा डिटेल्समध्ये, म्हणजे एकेका नोंदीच्या ओळीत, ठेवून प्रत्येक नोंदीचे मूल्य त्या व्हेरिएबलच्या शेपटीला जोडत जायचे. तिसरा ग्रुप फुटरमध्ये, म्हणजे गटाच्या तळाशी, ठेवून साठलेली स्ट्रिंग दाखवायची. मग हेडर आणि डिटेल्स हे दोन्ही विभाग सप्रेस करायचे, म्हणजे छपाईतून लपवायचे. विभाग सप्रेस केला तरी त्यातले फॉर्म्युले चालतच राहतात, म्हणून कागदावर फक्त फुटरची एक ओळ उमटते आणि ती 'कॅन ग्रो' केली की मजकूर लांबला तर उंचीने वाढते.

हे लिहायला सोपे असले तरी माझ्या पहिल्या छापील प्रतीत दुसऱ्या सर्व्हे क्रमांकाच्या रकान्यात पहिल्याचेही उपविभाग आले, तिसऱ्यात पहिल्या दोघांचे आले, आणि शेवटच्या ओळीत जवळजवळ संपूर्ण देवस्थानाची मालमत्ता गोळा झाली. ही चूक नवशिक्याची असते आणि मी नवशिका नव्हतो, म्हणून तिची लाज जास्त वाटली. कारण असे की क्रिस्टल रिपोर्ट्स प्रत्येक फॉर्म्युला कोणत्या टप्प्यावर चालवायचा हे त्यातल्या मजकुरावरून स्वतः ठरवते. ज्या फॉर्म्युल्यात टेबलातले एकही फील्ड (रकाना) नाही, तो नोंदी वाचायला सुरुवात होण्यापूर्वी एकदाच चालवून बाजूला ठेवला जातो. व्हेरिएबल रिकामे करणाऱ्या फॉर्म्युल्यात फील्ड असण्याचे कारणच नसल्यामुळे तो एकदाच चालला आणि पुढच्या कोणत्याही गटाच्या सुरुवातीला त्याने काहीच पुसले नाही. तिन्ही फॉर्म्युलांच्या आरंभी 'व्हाइल प्रिंटिंग रेकॉर्ड्स' ही सूचना लिहिली की ते छपाईच्या फेरीत, गट लावून झाल्यावर, पानावरच्या क्रमाने चालतात. मी ती उरलेल्या दोघांत लिहिली होती आणि नेमकी रिकामे करणाऱ्या पहिल्या फॉर्म्युल्यात विसरलो होतो.

याच क्रमाच्या नियमामुळे जोडलेली स्ट्रिंग ग्रुप हेडरमध्ये दाखवता येत नाही, कारण हेडर छापला जातो तेव्हा गटातली पहिली नोंदही जोडली गेलेली नसते. सचिवांना सर्व्हे क्रमांक डावीकडे आणि उपविभाग त्याच ओळीत हवे होते, म्हणून सर्व्हे क्रमांक, गावाचे नाव, क्षेत्रफळ असे सगळेच फुटरमध्ये आणले. ज्यांना ते हेडरमध्येच हवे असते ते सबरिपोर्ट (अहवालाच्या आतला अहवाल) आणि शेअर्ड व्हेरिएबल (दोन्ही अहवालांना सामाईक) यांचा वळसा घेतात. आम्हाला त्याची गरज पडली नाही.

दुसरी प्रत तपासण्यासाठी मी डिटेल्स विभाग तात्पुरता उघडा ठेवला, म्हणजे खालची जोडलेली ओळ वरच्या सुट्या ओळींशी ताडून पाहता येईल. त्या प्रतीत मोठ्या सर्व्हे क्रमांकांच्या बाबतीत विचित्र गोष्ट दिसली. गट एका पानावरून दुसऱ्या पानावर गेला की फुटरमध्ये फक्त दुसऱ्या पानावरचे उपविभाग उरत. प्रत्येक पानावर ग्रुप हेडर पुन्हा छापण्याचा पर्याय आधीच्या अहवालापासून चालू राहिला होता, त्यामुळे नव्या पानाच्या माथ्यावर हेडरबरोबर रिकामे करणारा फॉर्म्युलाही पुन्हा चालत होता. हेडर पुन्हा छापला जात असताना खरे उत्तर देणारे 'इन रिपीटेड ग्रुप हेडर' नावाचे फंक्शन याचसाठी आहे, आणि ते खोटे असेल तेव्हाच व्हेरिएबल रिकामे करायचे अशी अट घातली की प्रश्न मिटतो. मौज अशी की डिटेल्स सप्रेस केलेल्या अंतिम प्रतीत गट क्वचितच पानाची सीमा ओलांडतो, म्हणून ही चूक तिथे बहुधा दिसलीच नसती आणि मी तपासणीची प्रत काढली नसती तर ती पुढच्या वर्षासाठी तशीच दबा धरून राहिली असती.

आता मूळ प्रकरणाकडे येतो. उपविभाग आणि कुळे ही दोन वेगळी टेबले एकमेकांना जोडलेली होती आणि एका उपविभागात तीन कुळे असली तर तो उपविभाग तीन नोंदींत येत असे. उलट एकच कूळ दोन उपविभागांत असले तर त्याचे नाव दोनदा येई. क्षेत्रफळाची साधी बेरीज केल्यामुळे काही सर्व्हे क्रमांकांचे क्षेत्रफळ दुप्पट-तिप्पट निघाले, ते लगेच डोळ्यांत भरले, आणि उपविभाग बदलेल तेव्हाच मोजणाऱ्या रनिंग टोटलने ते दुरुस्तही झाले. नावांची पुनरुक्ती टाळण्यासाठी मात्र मी सर्वांच्या तोंडी असलेला सोपा उपाय वापरला: नवे मूल्य स्ट्रिंगमध्ये आधीच आहे का हे 'इनस्ट्र' फंक्शनने पाहायचे आणि नसेल तरच जोडायचे. लहान सर्व्हे क्रमांकांवर हे चोख चालले. मी मसुदा छापून कार्यालयात दिला.

त्या कार्यालयात एक वयस्कर कारकून आहेत, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. त्यांना संगणकाशी कर्तव्य नाही, पण देवस्थानाचे प्रत्येक कुळागर (बागायत) आणि प्रत्येक मोरड (उंचावरचे शेत) कुठे आहे हे त्यांना पाठ आहे. त्यांनी लाल पेन्सिलीने एकेक ओळ तपासत आणली आणि सर्व्हे क्रमांक ८७ वर बोट ठेवून विचारले, "दोन नंबर खंय गेलो?" ओळीत छापले होते: १, १०, ११, १२, १३, १४, ५, ६, ७, ८, ९. सर्व्हे ८७ चे चौदा उपविभाग आहेत आणि त्यांपैकी २, ३ आणि ४ यादीतून नाहीसे झाले होते. क्षेत्रफळ मात्र चौदाही उपविभागांचे, अगदी बरोबर होते.

उपविभागाचे फील्ड अक्षरांचे होते, कारण काही उपविभागांना '२-अ' अशी पोटनावे आहेत. त्यामुळे क्रमवारीही अक्षरांची लागली आणि १ नंतर १०, ११, १२, १३, १४ येऊन मग २ ची पाळी आली. त्या क्षणी स्ट्रिंगमध्ये '१२' होते. २ हे अक्षर १२ च्या पोटात आहे, म्हणून 'इनस्ट्र'ने ते आधीच जोडलेले आहे असे सांगितले आणि फॉर्म्युल्याने ते गाळले. ३ हा १३ मध्ये सापडला आणि ४ हा १४ मध्ये. ५ पासून पुढचे वाचले, कारण १५ नंबरचा उपविभागच नव्हता. नऊ किंवा त्याहून कमी उपविभागांच्या सर्व्हे क्रमांकात असे कधीच घडू शकत नाही, आणि मी चाचणीसाठी निवडलेले सगळे सर्व्हे क्रमांक लहान होते. फॉर्म्युल्याने कोणतीही तक्रार केली नाही. त्याला जे विचारले होते त्याचे त्याने अचूक उत्तर दिले होते, मीच चुकीचे विचारले होते. हे मूल्य यादीत आहे का, असे मला विचारायचे होते. मी विचारले होते की ही अक्षरे या मजकुरात कुठे आढळतात का.

यानंतर जे केले ते सांगण्यासारखे आहे, कारण ती दुरुस्ती नव्हती आणि दुरुस्तीसारखी दिसत होती. क्रम वाईट दिसतो म्हणून मी 'व्हॅल' फंक्शनने उपविभागातला आकडा वेगळा काढला, त्यावर क्रमवारी लावली आणि नंतर पूर्ण मूल्यावर दुसरी क्रमवारी दिली. १ ते १४ सरळ क्रमाने आले आणि गहाळ झालेले तिन्ही उपविभाग आपोआप परतले. मला क्षणभर वाटले की काम झाले. वस्तुतः चूक जागच्या जागी होती. चढत्या क्रमाने येणाऱ्या आकड्यांत पुढचा आकडा मागच्याहून लांबीने कमी नसतो, म्हणून तो मागच्या कोणाच्या पोटात मावत नाही, इतकेच. कुळांच्या नावांना असा काही क्रम नव्हता. ती उपविभागांच्या ओघात येत होती, आणि 'रामनाथ' किंवा 'विश्वनाथ' आधी येऊन मग त्याच आडनावाचा 'नाथ' आला तर तो बाहेर राहणार हे उघड होते. शोधल्यावर तशी दोन उदाहरणे निघाली. ही नावे काकांनाही सापडली नव्हती, कारण नावांचा रकाना त्यांनी अजून हातात घेतला नव्हता.

सर्वांत सोपा इलाज असा की शोधताना मूल्याच्या दोन्ही बाजूंना विभाजक लावायचा आणि स्ट्रिंगच्याही दोन्ही टोकांना तो लावायचा. मग स्वल्पविराम-२-स्वल्पविराम हा तुकडा बाराच्या पोटात सापडत नाही. परंतु आमच्या नावांमध्येच स्वल्पविराम असल्यामुळे तिथे तो विभाजक म्हणून भरवशाचा नव्हता. म्हणून नावांच्या रकान्यात अर्धविराम वापरायचे ठरले, आणि नोंदवहीत कुठेही अर्धविराम नाही याची डेटाबेसवर चालवलेल्या एका क्वेरीने (प्रश्नाने) आधी खात्री करून घेतली.

तरीही एक प्रश्न उरला आणि तो तंत्राचा नव्हता. एकाच वाड्यावर, एकाच नावाची आणि एकाच आडनावाची दोन वेगळी माणसे असतात. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत असलेल्या घरांत तर चुलत भावंडांची नावे हमखास जुळतात. नावावरून पुनरुक्ती गाळली की दोन कुळांचे एक कूळ होते, आणि सभेपुढच्या यादीत कोणाचे नाव गाळले जाणे म्हणजे काय हे कूळ-मुंडकारांच्या (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांच्या) वादांत वाढलेल्या प्रदेशात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. म्हणून पुनरुक्ती ओळखायची ती नावावरून नव्हे तर नोंदवहीतल्या कुळाच्या खाते क्रमांकावरून, असे ठरले. दोन व्हेरिएबल ठेवले. एकात खाते क्रमांक साठत गेले आणि तपासणी तिथेच झाली, दुसऱ्यात नावे साठली आणि छपाई त्यांची झाली. नाव सारखे पण खाते वेगळे असेल तिथे नावापुढे कंसात वाड्याचे नाव घालायचे असेही सचिवांनी सुचवले.

कंसातल्या वाड्याने आणखी एक खड्डा दाखवला. ज्या कुळाचा वाडा नोंदवलेलाच नव्हता, म्हणजे फील्ड नल (रिकामे) होते, त्याचे नावही यादीतून गेले. क्रिस्टल रिपोर्ट्समध्ये नेहमीची मांडणी असेल तर फॉर्म्युल्यात नल फील्ड भेटताच तो तिथेच थांबतो आणि त्या नोंदीपुरते काहीच जोडले जात नाही. नाव होते, वाडा नव्हता, आणि वाड्यापायी नाव गेले. 'इज नल'ची तपासणी त्या फील्डचा पहिला वापर होण्याआधी करावी लागते. नंतर केली तर तिथपर्यंत फॉर्म्युला पोचतच नाही.

हे सगळे ठिगळकाम चालू असताना मी ॲरेकडे, म्हणजे सुट्या घटकांच्या यादीकडे, वळलो आणि आज विचारले तर मी तोच मार्ग पहिला सांगेन. मूल्ये स्ट्रिंगमध्ये न चिकटवता ॲरेमध्ये सुटी ठेवायची आणि ग्रुप फुटरमध्ये अगदी शेवटी 'जॉइन' फंक्शनने त्यांची ओळ करायची. क्रिस्टल रिपोर्ट्समधला 'इन' हा शब्द उजव्या बाजूला स्ट्रिंग असेल तर अक्षरांचा तुकडा शोधतो आणि ॲरे असेल तर संपूर्ण घटक जुळतो का ते पाहतो. म्हणजे ८७ चा २ तिथे कधी हरवला नसता. ॲरेला १००० घटकांची मर्यादा आहे, परंतु एका सर्व्हे क्रमांकात इतकी कुळे आमच्याकडे कुठेच नाहीत. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातली खरी चूक 'इनस्ट्र'ची नसून घाईची होती. यादी एकदा स्ट्रिंग झाली की तिच्यात किती घटक आहेत, कोणता कुठे संपतो हे सॉफ्टवेअरला कळेनासे होते, आणि मी पहिल्याच नोंदीला यादीची स्ट्रिंग करून टाकून पुढचे सगळे प्रश्न त्या मजकुरालाच विचारत बसलो होतो.

हेच काम डेटाबेसमध्ये का केले नाही, असे कोणी विचारील. त्या वेळी कार्यालयातला सर्व्हर एसक्यूएल सर्व्हरच्या २०१४च्या आवृत्तीवर होता आणि स्ट्रिंग जोडणारे 'स्ट्रिंग ॲग' हे फंक्शन २०१७च्या आवृत्तीपासून आले. त्याआधी लोक 'फॉर एक्सएमएल पाथ'ची युक्ती वापरत. ती चालते, पण साधेपणाने लिहिली तर नावातल्या इंग्रजी 'अँड'च्या चिन्हाचे रूपांतर एक्सएमएलच्या संकेतात होते आणि छापील कागदावर भलतीच अक्षरे येतात. भाडेपट्ट्याच्या नोंदींमध्ये 'आणि कंपनी' या अर्थाने ते चिन्ह बरेचदा होते. पुढे सर्व्हर बदलला तेव्हा आम्ही जोडणी क्वेरीत हलवली. तिथेही पुनरुक्ती आतल्या क्वेरीत आधी काढावी लागली, कारण 'स्ट्रिंग ॲग'ला स्वतःला ती गाळता येत नाही. नल मूल्ये ते फंक्शन वगळते आणि क्रम आपण सांगू तसा लावते.

मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्या एका ओळखीच्या कार्यालयाने नंतर हीच यादी मागितली, त्यांच्यासाठी एक इशारा द्यावा लागला. तिथल्या 'ग्रुप कॉनकॅट' या स्ट्रिंग जोडणाऱ्या फंक्शनची मूळ मर्यादा १०२४ बाइटची असते, आणि ती ओलांडली की मजकूर तिथेच कापला जातो. त्रुटीचा संदेश येत नाही, केवळ एक वॉर्निंग नोंदवली जाते, जी अहवालात कोणालाच दिसत नाही. रोमन लिपीत हे १०२४ अक्षरांचे प्रकरण आहे, पण यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात देवनागरीचा प्रत्येक वर्ण आणि प्रत्येक मात्रा ३ बाइट घेते. 'क्षे' हे एक अक्षर दिसते, त्यात क, हलन्त, ष आणि मात्रा असे ४ घटक असून ते १२ बाइट खाते. म्हणजे मराठी नावांची यादी ३४१ घटकांतच संपते, पंधरा-वीस कुळांच्या आसपास. ओरॅकल डेटाबेसचे 'लिस्टॲग' नेहमीच्या मांडणीत ४००० बाइटवर अडते, मात्र ते निदान त्रुटी देऊन थांबते. मला हा उद्धटपणा मायएसक्यूएलच्या नम्रतेपेक्षा बरा वाटतो.

सभेसाठी जी प्रत छापली गेली तिच्यात सचिवांच्या मागणीत नसलेला एक बारीक रकाना मी वाढवला. प्रत्येक ओळीच्या शेवटी उपविभागांची आणि कुळांची संख्या येते, आणि ती संख्या जोडलेल्या स्ट्रिंगवरून न काढता खाते क्रमांकांच्या व उपविभागांच्या वेगळ्या गणनेतून येते. सर्व्हे क्रमांक ८७ पुढे १४ छापले होते. काकांनी पेन्सिलीने १ पासून १४ पर्यंत एकेक उपविभाग टिपत नेला, मग कुळांच्या रकान्यातले अर्धविराम मोजले, त्यात एक मिळवला आणि पान उलटले.